बिघडलेली केस आणि भरलेले सभागृह

महिन्यातून एकदा दिल्लीतल्या कुठल्या तरी रुग्णालयाच्या सभागृहात शहरभरचे भूलतज्ज्ञ जमतात. इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेशिऑलॉजिस्ट्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'आयएसए', हिची दिल्ली शाखा ही मासिक क्लिनिकल मीटिंग भरवते. यजमानपद फिरते असते. या महिन्यात एखादे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, पुढच्या महिन्यात एखादे मोठे खासगी रुग्णालय. यजमान विभागातले निवासी डॉक्टर एकदोन केसेस मांडतात, वरिष्ठ प्राध्यापक सूत्रे सांभाळतात, समोरून प्रश्न येतात, मग चहा. बाहेरून पाहणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेल्या माणसाचा श्वास ज्यांच्या हाती असतो ती मंडळी एकमेकांकडून शिकतात कशी, हा प्रश्न त्या टेबलावर कधी ना कधी झोपणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

भूलतज्ज्ञाला बैठकीची गरज का, हे आधी समजून घ्यायला हवे. या शाखेतली बहुतेक कामे सुरळीत पार पडतात आणि जी बिघडतात ती फार क्वचित, पण मिनिटांत बिघडतात. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय पाहणीने 2018 मध्ये दाखवले की भुलीच्या वेळी जीवघेणी अ‍ॅलर्जी साधारण 10,000 रुग्णांत एकाला होते. त्याच मालिकेतल्या 2014 च्या पाहणीनुसार पूर्ण भूल दिलेली असताना रुग्णाला नकळत जाग आल्याच्या तक्रारीचे प्रमाण 19,000 रुग्णांत एक असे निघाले. वर्षाला हजारभर रुग्णांना भूल देणाऱ्या डॉक्टरला पहिला प्रसंग दहा वर्षांतून एकदा भेटेल आणि दुसरा कदाचित अख्ख्या उमेदीत एकदा. श्वासनलिकेत नळीही जात नाही आणि मास्कने श्वासही देता येत नाही, हा सर्वांत भयंकर प्रसंग तर अनेकांना कधीच भेटत नाही. स्वतःच्या अनुभवातून शिकायचे म्हटले तर आयुष्य पुरत नाही. दुसऱ्याचा अनुभव उसना घ्यावाच लागतो, आणि तो घेण्याची जागा म्हणजे ही बैठक.

ही कल्पना दिल्लीत जन्मली नाही, पण तिची वंशावळ पाहण्यासारखी आहे. 1893 मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक सिल्क यांच्या पुढाकाराने भूलतज्ज्ञांची पहिली संघटना उभी राहिली. 1905 मध्ये ब्रुकलिनमध्ये नऊ डॉक्टर एकत्र आले आणि लाँग आयलंडची स्थानिक मंडळी म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढे त्याच मुळातून अमेरिकेची राष्ट्रीय संघटना वाढली. म्हणजे आधी गावची बैठक, मग देशाची संस्था, असा तो क्रम होता. आपल्याकडे राष्ट्रीय संघटना 1947 मध्ये स्थापन झाली, तिचे नियतकालिक 1953 मध्ये सुरू झाले, आणि राज्य व शहर शाखांचे जाळे त्याखाली पसरत गेले.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान फिलाडेल्फियाचे आहे. तिथल्या जिल्हा वैद्यकीय संघटनेने 1935 मध्ये हेन्री रूथ यांच्या नेतृत्वाखाली भुलीच्या वेळी झालेल्या मृत्यूंचा अभ्यास करणारी समिती नेमली. शहरातल्या रुग्णालयांनी आपले मृत्यू तिच्यापुढे ठेवायचे, समितीने दर महिन्याला बसून ते तपासायचे आणि हा टाळता आला असता का, याचे उत्तर द्यायचे. व्याख्यान नव्हे, सत्कार नव्हे. मृत्यूची उघड चर्चा. मृत्यू व गुंतागुंतींच्या ज्या बैठका आज जगभरच्या रुग्णालयांत होतात, त्यांच्या पूर्वजांमध्ये या समितीची गणना होते. प्रादेशिक संघटनेने करण्याजोगे काम कोणते, हे तिने दाखवून दिले.

अशा चर्चेचे महत्त्व आपल्याला आपल्याच भूमीवरून कळायला हवे होते. बोस्टनमध्ये 16 ऑक्टोबर 1846 रोजी दंतवैद्य मॉर्टनने ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग केला आणि 22 मार्च 1847 रोजी, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांत, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथर दिले गेले. पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आले आणि त्याबरोबर टेबलावरचे अचानक मृत्यूही आले. ते हृदय थांबल्याने होतात की श्वास थांबल्याने, यावर वाद पेटला. निजामाच्या पैशातून 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादला दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. एडवर्ड लॉरी त्यांचे प्रमुख होते. तेव्हा मराठवाडा याच संस्थानात होता, त्यामुळे ही कथा आपल्या घरचीच म्हणायची. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, रूपाबाई फर्दुनजी या तरुण डॉक्टरनेही त्या कामात हात दिला आणि जगातल्या सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत आपले नाव नोंदवले. कमिशनचा निष्कर्ष असा की श्वासावर नजर ठेवली म्हणजे पुरे, क्लोरोफॉर्म हृदयाला थेट अपाय करत नाही. हा निष्कर्ष चुकीचा होता. हलकी भूल असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते, हे गुडमन लेव्ही यांनी 1911 मध्ये दाखवले. तोपर्यंत दोन दशके गेली होती. श्वासावर लक्ष ठेवण्याचा लॉरींचा आग्रह योग्यच होता, पण टेबलावर मेलेल्या माणसांच्या हकिगती त्यांच्या सिद्धांताविरुद्ध बोलत होत्या आणि त्यांना पुरेसे वजन मिळाले नाही.

आता दिल्लीकडे वळू. इथे भूलतज्ज्ञांसाठी होणारे शैक्षणिक कार्यक्रम ढोबळमानाने चार जातींचे आहेत. मासिक बैठक, वर्षातून एकदाचे अधिवेशन, परीक्षेच्या तोंडावर पदव्युत्तर विद्यार्थ्यांची करून घेतली जाणारी उजळणी आणि हाताने करून पाहण्याच्या कार्यशाळा. शिवाय हृदय, मेंदू, बालरोग, वेदनाशमन, अतिदक्षता अशा उपशाखांच्या स्वतंत्र संघटना आहेत आणि त्यांची त्यांची अधिवेशने आहेत. एम्स, सफदरजंग, मौलाना आझाद, लेडी हार्डिंग, राममनोहर लोहिया, यमुनेपलीकडचे गुरू तेग बहादूर अशी एवढी शिकवणारी रुग्णालये एका शहरात असल्यावर वक्त्यांचा तुटवडा कधी पडत नाही. ज्याला शिकायचेच आहे, त्याला दिल्लीत उपाशी राहावे लागत नाही. पुण्या-नागपुरातला किंवा लातुरातला विद्यार्थी ज्या प्राध्यापकांची नावे पाठ्यपुस्तकांत वाचतो, ते इथे मेट्रोच्या पाचसहा स्थानकांवर भेटतात.

पण विपुलता म्हणजे परिणाम नव्हे. डॉक्टरांच्या शैक्षणिक बैठकांनी प्रत्यक्ष उपचार किती सुधारतात, हे कॉक्रेन या जागतिक संशोधन-संकलनाने तपासले आहे. 2009 च्या आढाव्यात 81 चाचण्या होत्या आणि योग्य पद्धतीने उपचार करण्याच्या प्रमाणात मध्यम मानाने 6 टक्क्यांची सुधारणा दिसली. 2021 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास घेऊन हेच पुन्हा तपासले, तरी आकडा जवळपास तिथेच राहिला. 6 टक्के ही काही टाकाऊ गोष्ट नाही. भुलीच्या बाबतीत ते 6 टक्के म्हणजे जिवंत माणसे आहेत. त्या पहिल्या आढाव्यातला आणखी एक तपशील संयोजकांनी नीट वाचावा असा आहे. नुसते व्याख्यान किंवा नुसती चर्चा यांपेक्षा दोन्हींचे मिश्रण जास्त उपयोगी ठरले, आणि बदलायची वागणूक जितकी गुंतागुंतीची तितका परिणाम कमी. अडलेल्या श्वसनमार्गाचा प्रसंग सांभाळणे याहून गुंतागुंतीची वागणूक दुसरी कोणती?

म्हणूनच मासिक बैठकीतली केस कोणती, हा मला सगळ्यात कळीचा मुद्दा वाटतो. बहुतेक वेळा निवडली जाते ती दुर्मीळ केस. जन्मजात हृदयदोष असलेली बाळंतीण, छातीत मोठी गाठ असलेले मूल, यकृत प्रत्यारोपण. ती मांडणाऱ्या निवासी डॉक्टरची तयारी खोल असते, आणि त्या तयारीत महिनाभर झोप उडालेली असते याची मला मनापासून कदर आहे. पण अशा केसचा शेवट बहुधा गोड असतो. रुग्ण सातव्या दिवशी घरी गेला, टाळ्या. ऐकणाऱ्यातल्या बहुतेकांना असा रुग्ण कधी भेटणार नाही. त्यांना भेटणार आहे तो लठ्ठ, मान आखूड असलेला, मधुमेही माणूस, हर्नियासाठी आलेला, आणि गडबड होणार ती तिथे.

2005 मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली ही 37 वर्षांची स्त्री सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वसनमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर हजर होते, साहित्य होते. नळी घालण्याचे प्रयत्न होत राहिले, वेळेचे भान सुटले. एका परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचा संच आणून ठेवला, तो वापरला गेला नाही. तेरा दिवसांनी ती गेली. तिचे पती मार्टिन वैमानिक होते. विमान अपघाताची जशी चौकशी होते तशी इथेही व्हावी, दोषी शोधायला नव्हे तर कारण शोधायला, असा त्यांनी आग्रह धरला. ती झाली आणि तिचे निष्कर्ष उघड झाले. जगभरातल्या भूलतज्ज्ञांनी ही केस अभ्यासली. 2011 मध्ये ब्रिटनची श्वसनमार्गविषयक चौथी राष्ट्रीय पाहणी आली. अतिदक्षता विभागात श्वसनमार्गाच्या घोटाळ्यांतून झालेल्या मृत्यू किंवा मेंदूच्या कायमच्या इजेच्या प्रसंगांपैकी 74 टक्क्यांत कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, न वापरल्याचा हात होता, असे तिने सांगितले. प्रत्येक रुग्णालयात एक माणूस नेमून त्याने आपल्याकडचे प्रसंग कळवायचे, एवढ्या साध्या योजनेतून हे ज्ञान गोळा झाले.

भारतातही या दिशेने चांगले काम झाले आहे. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची अवघड श्वसनमार्गासाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. ती आपल्या रुग्णालयांचे वास्तव डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत आणि त्या लेखकमंडळात मुंबईच्या टाटा मेमोरियलपासून दिल्लीच्या एम्सपर्यंतचे लोक आहेत. पुढच्या वर्षी इंडियन रिससिटेशन कौन्सिलने हृदयक्रिया बंद पडल्यावर काय करायचे याची भारतीय तत्त्वे दिली. सामान्य माणसाने फक्त छाती दाबत राहावे अशी 'कॉल्स' नावाची पद्धत त्यात आहे, आणि भूलतज्ज्ञांच्या शाखा ती पोलीस, शिक्षक, विद्यार्थी यांना शिकवतात. संघटनेच्या सगळ्या उपक्रमांत मला हा सर्वांत निर्मळ वाटतो, कारण यात सभागृहाची भिंतच उरत नाही.

मग आपल्या बैठकांत बिघडलेली केस का येत नाही? एक कारण संकोच, दुसरे त्याहून खरे, कायद्याची भीती. 1994 मध्ये दिल्लीतच नाकाच्या शस्त्रक्रियेवेळी एका तरुणाचा मृत्यू झाला. योग्य आकाराची, फुगा असलेली नळी घातली नाही, म्हणून जखमेतले रक्त श्वसनमार्गात गेले, असा आरोप होता आणि फौजदारी खटला उभा राहिला. 'डॉ. सुरेश गुप्ता विरुद्ध दिल्ली सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये तो रद्द केला. 2005 मध्ये जेकब मॅथ्यू निकालात तीन न्यायमूर्तींनी तीच दिशा कायम ठेवली: डॉक्टरवर फौजदारी कारवाई हवी असेल तर निष्काळजीपणा ठळक व गंभीर असायला हवा. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये नोंदणीकृत डॉक्टरसाठी शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षे आहे. ग्राहक न्यायालयाचा रस्ता तर 1995 पासून मोकळाच आहे. अमेरिकेने 2005 मध्ये रुग्णसुरक्षेसाठी गोळा केलेल्या माहितीला कायद्याने संरक्षण दिले. आपल्याकडे मासिक बैठकीत उच्चारलेल्या वाक्याला तसे खास कवच नाही. अशा परिस्थितीत तिशीतल्या डॉक्टरने शंभर लोकांपुढे उभे राहून "इथे आमचा निर्णय चुकला" असे म्हणावे, ही अपेक्षा एकट्या त्याच्या धैर्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

तरी वाट आहे. रुग्णाचे, रुग्णालयाचे, डॉक्टरचे नाव काढून टाकायचे, तारीख पुसायची, दोन-तीन रुग्णालयांतल्या सारख्या घटना एकत्र करून मांडायच्या, आणि मांडणारा घटनेतला माणूस नव्हे तर शाखेने नेमलेला कुणी वरिष्ठ असावा. दिल्लीसारख्या महानगरात हे छोट्या शहरापेक्षा सोपे आहे. सांगलीत किंवा अकोल्यात घटना कोणत्या नर्सिंग होममधली हे दुसऱ्या मिनिटाला ओळखले जाते, दिल्लीत नाही. मोठ्या शहराचा हा फायदा दिल्ली शाखेने पुरेपूर घ्यावा असे मला वाटते.

दुसरी अडचण तासांची. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनी डॉक्टरांनी पाच वर्षांत किमान 30 तास शैक्षणिक कार्यक्रमांना हजेरी लावावी असे म्हटले. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 गुण लागतात. हेतू चांगला. पण गुण मिळतात ते हजेरीपटावरच्या सहीला, चर्चेत तोंड उघडल्याबद्दल नव्हे. अधिवेशनात दोन दिवसांत बरेच गुण पदरात पडत असतील, तर महिन्याच्या बैठकीसाठी दोन तासांचा प्रवास करायला डॉक्टर का येईल? गुण देणाऱ्यांनी केसचर्चेला व्याख्यानापेक्षा जास्त वजन द्यावे, एवढी मागणी तरी सहज करता येईल.

पैशाचेही बोलायला हवे. सभागृह, जेवण, दूरचे वक्ते, सगळ्याला खर्च येतो आणि यंत्रे व औषधे बनवणाऱ्या कंपन्या तो उचलायला तयार असतात. डिसेंबर 2009 मध्ये वैद्यक परिषदेने डॉक्टरांना कंपन्यांकडून प्रवास व पाहुणचार घेण्यास मनाई केली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये आणखी कडक नियम आणले, पण तीन आठवड्यांत ते स्थगित झाले. मार्च 2024 मध्ये औषध कंपन्यांसाठीची नवी आचारसंहिता आली. भूलतज्ज्ञ बहुधा रुग्णाला औषधाची चिठ्ठी लिहून देत नाही, त्यामुळे त्याच्यावर दबाव कमी, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, अल्ट्रासाऊंड, भुलीचे यंत्र यांची खरेदी रुग्णालय त्याच्याच शब्दावर करते, आणि त्या खरेदीत लाखो रुपये असतात. मासिक बैठकीचे मोठेपण हेही की तिला फारसा पैसा लागतच नाही. रुग्णालयाचे सभागृह आणि चहा, बस.

कार्यशाळांबद्दल थोडक्यात. गळ्याला छेद देणे व्याख्यानाने कधी येत नाही, त्याला मॅनिकिनवरचा सराव लागतो, तेव्हा त्या हव्यातच. अल्ट्रासाऊंड वापरून नस बधिर करण्याच्या कार्यशाळांपुढे मात्र आपल्याकडे एक वेगळी भिंत आहे: गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे यंत्र एका जागेवरून दुसरीकडे नेताना परवान्यांचे सोपस्कार पार पाडावे लागतात. कायद्याचे कारण इतके गंभीर आहे, आणि दिल्ली-हरियाणाचे मुलींचे प्रमाण इतके वेदनादायक राहिले आहे, की भूलतज्ज्ञांनी ही अडचण सोसणेच योग्य.

आता त्या सभागृहात कोण नसते ते पाहू. पीतमपुरा, लक्ष्मीनगर, उत्तमनगर अशा वस्त्यांत छोटी नर्सिंग होम आहेत. तिथे भूल देणारा डॉक्टर स्वतंत्र व्यवसाय करतो. सकाळी एका ठिकाणी सिझेरियन, दुपारी दुसरीकडे पित्ताशय, रात्री तिसरीकडे हाड. महाराष्ट्रातला भूलतज्ज्ञही असाच गाडीत साहित्य घेऊन फिरतो. त्याच्याजवळ दुसरा भूलतज्ज्ञ नसतो, मदतीला कुणी धावत येत नाही. ज्याला उसन्या अनुभवाची सर्वांत जास्त गरज, त्याच्या दिवसाची मिळकत बैठकीला गेल्यास बुडते. त्यात राजधानी परिसराची रचना वेगळीच. गुरुग्राम व फरिदाबाद हरियाणात, नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात. रुग्णवाहिका सीमा पाहत नाहीत, डॉक्टरही रोज ओलांडतात, पण संघटनेची रचना राज्यवार आहे. दिलशाद गार्डनहून गाझियाबाद हाकेच्या अंतरावर, तरी शाखा वेगळी. संपूर्ण परिसरासाठी एक सामायिक मासिक बैठक, फिरत्या यजमानपदात सीमेपलीकडची शहरेही धरून, हे करायला घटनादुरुस्ती लागत नाही.

याहूनही दूर राहिलेला एक गट आहे. बाळंतपणातले मृत्यू कमी व्हावेत म्हणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांचे जीवरक्षक भूल-प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि त्याच्या उभारणीत एम्सचा वाटा होता. हे डॉक्टर आज ग्रामीण रुग्णालयांत सिझेरियनला भूल देतात. पदव्युत्तर पदवी नसल्याने ते भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या चौकटीत बसत नाहीत. अठरा आठवड्यांनंतर त्यांचे शिक्षण कुणाच्या हाती? गडचिरोलीतल्या आणि मेवातच्या बाळंतिणीसाठी हा प्रश्न सारखाच आहे. तज्ज्ञांमध्ये या प्रशिक्षणाविषयी मतभेद आहेत, ते मी समजू शकतो; पण प्रशिक्षण झालेल्यांना बैठकीचे दार बंद ठेवल्याने एकही बाळंतीण अधिक सुरक्षित होत नाही.

कोविडने एक गोष्ट दाखवून दिली. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीत प्राणवायू संपत आला. 1 मे रोजी बात्रा रुग्णालयात पुरवठा तुटून 12 जण गेले, त्यांत तिथलाच एक वरिष्ठ डॉक्टर होता. त्याआधी 21 एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन 22 रुग्ण दगावले होते. टाकी, नळ्या, झडपा, दाब, एका हाय-फ्लो यंत्राला मिनिटाला 60 लिटरपर्यंत प्राणवायू लागतो हे गणित, हा सगळा भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास. प्रतिष्ठेच्या विषयांच्या रांगेत मात्र त्याला जागा नव्हती. त्या महिन्यांत रात्री दहा वाजता मोबाइलवर भरलेल्या बैठकांत हेच विषय अग्रभागी आले, आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणचे डॉक्टर हजर होते. पडद्यावरच्या बैठकीत चर्चेला धार कमी येते हे खरे. तरीही स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला आणि ग्रामीण डॉक्टरला आत घेणारे दुसरे दार आज तरी दिसत नाही. सभागृहातली बैठक चालू असतानाच ती पडद्यावर दाखवावी, आणि बाहेरून येणारा प्रश्न आधी घ्यावा.

राहता राहिली नोंद. एवढ्या वर्षांत दिल्लीच्या बैठकांत शेकडो केसेस मांडल्या गेल्या असतील. त्यांतल्या थोड्या नियतकालिकांत छापल्या गेल्या, पण समोरून कुणी काय विचारले, कुठे मतभेद झाले, शेवटी काय ठरले, हे सांगितल्या-ऐकल्यातच राहते. शाखेने दर वर्षी नावे वगळून या चर्चांचे एक पुस्तक काढले, हिंदीत आणि इंग्रजीत, आणि महाराष्ट्राच्या शाखांनी आपल्या बैठकांचे तसेच मराठीत काढले, तर फिलाडेल्फियाच्या समितीचे काम इथे खऱ्या अर्थाने सुरू होईल. पहिल्या वर्षी वीस केसेस पुरेत, फक्त त्यांतल्या निम्म्या तरी बिघडलेल्या असाव्यात.